गच्चीवरची तीस जानेवारी

तीस जानेवारीला सकाळी अकरा वाजता भोंगा व्हायचा आणि आम्ही शाळेच्या पटांगणात दोन मिनिटं गप्प उभे राहायचो. माझ्या वयाच्या कुठल्याही मराठी माणसाला ही तारीख विचारली तर तो एवढंच सांगेल. मला मात्र त्या भोंग्यापाठोपाठ दुपारचे साडेबारा आठवतात आणि दुबईत अल क्वोजमधल्या एका गोदामाला लागून असलेली ऑफिसची गच्ची आठवते. आता कितीही वर्षं झाली तरी त्या दिवशी साडेबाराला मला एका जागी बसवत नाही. हा रोग मला पास्कल लोपीसने लावला.

पास्कल आमच्या कंपनीत स्टोअरकीपर होता. कंपनी एसीचे डक्ट बनवायची, म्हणजे इमारतीच्या छतातून गार हवा नेणारे पत्र्याचे लांबलचक चौकोनी बोगदे. मी त्र्याण्णव साली गुहागरहून तिथं डिस्पॅचला लागलो. पहिल्या दिवशी पाहिलं तर हा माणूस उभ्याने चहा पीत होता, उभ्याने लिहीत होता आणि उभ्यानेच भाकरी खात होता. खुर्ची होती, पण तिच्यावर नटबोल्टची खोकी ठेवलेली. मी कोकणातला, पानाची तंबाखू जुळेपर्यंत हलायचं नाही अशा माणसांत वाढलेला. मला ते बघूनच दमायला झालं.

"तुम्ही बसत का नाही?" मी विचारलं.

"तुम्ही-बिम्ही कशाला? पास्कल म्हण. आणि कदम, ऐकून ठेव. इथली हवा दमट. थांबला तो गंजला."

वसईचा माणूस. केळीची वाडी, घरामागे विहीर, घरात बायको फिलोमिना आणि एक तान्ही मुलगी. अंगाने किडकिडीत, पायाला भिंगरी आणि हाताच्या बोटांना तर कधी विसावाच नाही. काउंटरवर, खोक्यावर, फोनच्या रिसीव्हरवर, समोरच्याच्या खांद्यावरसुद्धा त्याचा ठेका चालू असायचा. शर्टाच्या खिशात पेनाशेजारी गिटारच्या तारांचं वेटोळं. एक तार बारा दिरहॅमची, म्हणजे शंभर रुपये, असं तो प्रत्येक वेळी मोठ्याने सांगायचा आणि तरी दर महिन्याला विकत घ्यायचा.

त्याच्या डोक्यात इंग्लंडच्या त्या चौघांचा बँड होता. नाव मी लिहीत नाही, लिहायची गरजही नाही. ज्यांना रॉकमधलं ओ की ठो कळत नाही अशा माझ्यासारख्यांनीसुद्धा ज्यांचं नाव ऐकलेलं असतं, तेच ते. स्टोअरमध्ये तारखेचा एक रबरी शिक्का होता. बाहेर जाणाऱ्या प्रत्येक कागदावर तो मारल्याशिवाय गेटमधून खिळासुद्धा हलत नसे. रोज सकाळी सात वाजता पास्कल त्या शिक्क्याची चाकं फिरवून नवी तारीख लावायचा, पहिला ठसा स्वतःच्या तळहातावर उमटवून बघायचा आणि मग जाहीर करायचा, आज ह्या तारखेला त्या चौघांनी काय केलं होतं. कुठे वाजवलं, कुठलं गाणं अर्धं सोडलं, कोण कोणावर रुसला. त्यातलं खरं किती आणि त्याच्या पदरचं किती हे तपासायला माझ्यापाशी काही साधन नव्हतं. एखाद्या दिवशी काहीच सुचलं नाही तर म्हणायचा, "आज ते झोपले होते. त्यांना पण सुट्टी पाहिजे ना रे!"

पण तीस जानेवारीच्या बाबतीत थट्टा चालत नसे.

माझा तिथला पहिलाच हिवाळा. जेवणाच्या सुट्टीत मी डबा उघडत होतो तेवढ्यात त्याने मला हाताला धरून उठवलं. "वर चल. डबा घे, पण चल." जिन्याच्या तोंडाशी वॉचमन खानचाचा उभे. पेशावरकडचे, सहा फूट उंच, मेंदी लावलेली दाढी. वर गच्चीवर वारा भणभणत होता आणि पाण्याच्या टाकीशेजारी बावतीस बसलेला होता. बावतीस पास्कलच्याच गावचा, आमच्या वर्कशॉपमध्ये डक्ट वळवायचा. दोघे मिळून गावाकडे लग्नांत वाजवायचे. इथं ड्रम कुठला? म्हणून बावतीसने डक्टच्याच पत्र्याचा एक मोठा डबा वळवून घेतला होता आणि एका उलट्या बादलीवर बसून तो त्याच्यासमोर तय्यार होता.

पास्कलने मला सांगितलं ते असं. ते चौघे एकमेकांना कंटाळले होते, वर्षानुवर्षं लोकांपुढे वाजवणं बंद झालेलं होतं. आणि एका तीस जानेवारीला, लंडनच्या कडाक्याच्या थंडीत, जेवणाच्या सुट्टीत, ते आपल्या ऑफिसच्या गच्चीवर चढले आणि वाजवायला लागले. खाली रस्त्यावर लोक माना वर करून उभे. बेचाळीस मिनिटं. मग पोलीस आले, बंद करा म्हणाले. खलास. त्यानंतर त्या चौघांनी लोकांसमोर पुन्हा कधी एकत्र वाजवलं नाही.

"त्यांचे दुपारचे साडेबारा म्हणजे आपले संध्याकाळचे सहा," पास्कल म्हणाला. "मी अकरा वर्षांचा. सकाळी शाळेत दोन मिनिटं उभा राहिलो होतो आणि संध्याकाळी वाडीत केळीला पाणी देत होतो. तिथं जगातली एवढी मोठी गोष्ट संपत होती नि मला माहीतच नाही. आपल्याला काय, संपल्यावर कळतं."

मग त्याने घड्याळ बघितलं आणि तो सरळ उभा राहिला. आधी दोन मिनिटं शाळेतली. ती झाल्याशिवाय गिटारला हात नाही. वर्षाचे बाकीचे सगळे दिवस चुळबुळणारा तो माणूस त्या दोन मिनिटांत खांबासारखा उभा राहायचा. बोटंसुद्धा गप्प. मग पुढची बेचाळीस मिनिटं तो आणि बावतीस जे काही वाजवायचे त्याला संगीत म्हणायचं की नाही हे मी कधीच ठरवलं नाही. मला नाक मुरडायची सवयच आहे. डबा खाता खाता मी मुरडलं.

बेचाळीस मिनिटं झाली आणि खानचाचा जिना चढून वर आले. छाती काढून, हात उंचावून गरजले, "बंद करो! पब्लिक को तकलीफ होता है!"

पब्लिक म्हणजे खाली एक फोर्कलिफ्ट आणि दोन मांजरं. पण पास्कलने दोन्ही हात वर केले, गिटार खाली ठेवली आणि अदबीने म्हणाला, "ओके, ऑफिसर." हे सगळं आधी ठरलेलं होतं. खानचाचांना लंडनच्या पोलिसाचं काम दिलेलं होतं आणि ते त्यांनी अंगाला लावून घेतलं होतं. एका वर्षी तीस जानेवारी रमजानात आली. दिवसा वाजवणं बरं नाही म्हणून पास्कलने तारांखाली रुमाल कोंबला आणि आवाज न करता नुसती बोटं फिरवली. बावतीस हवेत काठ्या मारत होता. इतकी शांतता की टाकीत पडणारं पाणी ऐकू यावं. तरीही बरोबर बेचाळिसाव्या मिनिटाला रोजा धरलेले खानचाचा धापा टाकत वर आले आणि म्हणाले, "बंद करो." मी इतका हसलो की ठसका लागला. पास्कल मात्र माझ्यावर रागावला.

"हसतो काय? ड्यूटी म्हणजे ड्यूटी."

"अरे, पण आवाजच नव्हता!"

"तुला नव्हता."

मला तो दर वर्षी म्हणायचा, कदम, तू बस त्या डब्यावर. मी गावाला नमनाच्या खेळात मृदंग वाजवायचो हे त्याने कधीतरी माझ्याकडून काढून घेतलेलं होतं. मी म्हणायचो, मृदंग वेगळा, हा पत्रा वेगळा. आपण भले नि आपलं काम भलं हा माझा बाणा. खरं सांगायचं तर मला कशातच पडायचं नसायचं. आलोय पैसे कमवायला, दोन वर्षांनी जायचं, खलास. अशी नऊ वर्षं काढली.

आता गॅरंटीची गोष्ट सांगितली पाहिजे, नाहीतर पास्कल कळायचा नाही.

आम्हा सगळ्यांचे पासपोर्ट मॅनेजर मॅथ्यूसाहेबांच्या लोखंडी कपाटात असत. दोन वर्षांनी रजा लागली की तो मिळायचा. मधेच घरी काही झालं आणि जायची पाळी आली तर दुसऱ्या कुणीतरी गॅरंटीवर सही करायची. अर्थ असा की गेलेला माणूस परत येईपर्यंत सही करणाऱ्याचा पासपोर्ट कपाटातून निघणार नाही. तो आलाच नाही, किंवा ठरल्या तारखेला एक दिवस जरी उशीर झाला, तर सही करणारा अडकला. कुठे लिहिलेला कायदा नव्हता हा, आमच्या कंपनीची रीत होती. त्यामुळे कुणाच्या घरून तार आली की लोक अचानक कामात बुडायचे. कुणाला सामान मोजायचं असायचं, कुणाला संडासला लागायची.

अठ्ठ्याण्णव संपता संपता बावतीसची आई छातीच्या दुखण्याने अंथरुणाला खिळली. बावतीस आधी माझ्याकडे आला. पास्कलकडे नाही, कारण पास्कलच्या मुलीचं, जेसिकाचं, मे महिन्यात पहिलं कम्युनियन होतं. पांढरा झगा घालून लेकरू चर्चमध्ये पहिल्यांदा प्रसाद घेतं, वसईकडे त्याचा लग्नासारखा थाट असतो. पास्कलची रजा त्यासाठी वर्षभर आधी मंजूर झालेली. बावतीसला त्याला अडकवायचं नव्हतं.

"कदम, एक सही दे. तीस जानेवारीच्या आत येतो. आईशपथ."

मी म्हणालो, माझ्या बायकोला दिवस गेलेत, एप्रिलमध्ये बाळंतपणाला मला जायचंय. खोटं नव्हतं ते. पण बायकोची आई, माझी आई, दोघी तिच्यापाशी होत्या आणि मी तिथं जाऊन काय दिवे लावणार होतो हे मलाही माहीत होतं. मला सही करायची नव्हती एवढंच खरं. तो वळला. पत्र्याने कापलेल्या त्याच्या हाताला चिंधी बांधलेली होती, ती मला अजून दिसते.

अर्ध्या तासात पास्कलने फॉर्मवर सही केली होती. मी त्याला बाजूला घेतलं. "अरे, तुझ्या पोरीचं कम्युनियन!"

"मे ला आहे. हा जानेवारीत येतोय. बघ, परतीची तारीख पण मीच टाकलीये. तीस जानेवारी. दुसरी कुठलीही तारीख माणूस विसरेल, बावतीस ही कसा विसरणार?"

तीस जानेवारीला तो सकाळपासून गच्चीवर होता. पत्र्याचा डबा पुसून ठेवलेला, बादली उलटी मांडलेली. रस्त्यावर टॅक्सी वळली की कठड्याशी धावायचा. साडेबारा झाले. तो दोन मिनिटं उभा राहिला आणि एकट्याने वाजवलं. बेचाळीस मिनिटं झाली तरी थांबेना. खानचाचा वर आले, पण त्यांच्या तोंडून "बंद करो" निघालं नाही. ते तसेच जिन्यात बसून राहिले. शेवटी मीच म्हणालो, "पास्कल, बस झालं." तो म्हणाला, "ट्रॅफिक असेल रे."

दुसऱ्या दिवशी त्याने शिक्का फिरवला नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. माझ्या लक्षातच आलं नाही, कारण शिक्क्याकडे बघतो कोण? एक फेब्रुवारीला उम्म अल कुवैनच्या साइटवर गेलेला डक्टचा ट्रक संध्याकाळी जसाच्या तसा परत आला. तिथल्या इंजिनिअरने कागदावर तीस जानेवारी बघून माल उतरवून घ्यायला नकार दिला होता. मॅथ्यूसाहेब स्टोअरमध्ये येऊन कडाडले.

"पास्कल! व्हॉट इज धिस? टुडे इज व्हॉट?"

पास्कल काउंटरवर ठेका धरून उभा होता. तो म्हणाला, "सॉरी सर. राहून गेलं." आणि त्याने आमच्यासमोर चाकं फिरवली. तळहातावर ठसा काही उमटवला नाही. त्या दिवशी त्या चौघांनी काय केलं होतं हेही सांगितलं नाही.

बावतीसचं पत्र महिन्याने आलं. आई वाचली होती पण त्याला सोडत नव्हती, त्याने गावातच काम धरलं होतं, माफ कर म्हणाला होता. पास्कलने ते तारांच्या वेटोळ्याबरोबर खिशात ठेवलं. मी शिव्या घालायला लागलो तर मला म्हणाला, "त्याची आई वाचली ना? मग." माझ्या शिव्या खरं तर मलाच होत्या. सही माझी असती तर मी फार तर एक बाळंतपण चुकवलं असतं, तेही दोन आज्यांनी पार पाडलंच.

मे महिन्यात कम्युनियनच्या दिवशी त्याने रस्त्यावरच्या फोनबूथमधून कार्ड लावून घरी फोन केला. मी शेजारी उभा होतो. पलीकडे बँडचा, माणसांचा गलका. फिलोमिनाने फोन पोरीच्या हातात दिला. तो विचारत होता, "झगा कसा आहे गो? पाय दुखतात काय नवीन बुटांत?" मग ऐकत राहिला आणि कार्ड संपायच्या आधीच त्याने रिसीव्हर ठेवला.

"काय म्हणाली?"

"थँक्यू डॅडी फॉर द शूज." तो बूथच्या काचेवर बोटं वाजवत होता. "पाहुण्याला म्हणतात तसं."

दीड वर्षाने बावतीसच्या जागी दुसरा माणूस आला तेव्हा कुठे पास्कलचा पासपोर्ट सुटला. महिनाभर घरी राहून आला तो आणखीच बेचैन होऊन. मुलगी त्याच्याशी इंग्लिशमध्ये बोलते, तीही मोजकं. दुधाच्या पिशव्या कुठे ठेवतात ते त्याला माहीत नाही. फिलोमिना म्हणाली होती, आणखी दोन वर्षं राहिलास तर ती तुला अंकल म्हणेल. तेव्हापासून त्याने धोशा लावला आणि दोन हजार दोनच्या फेब्रुवारीत कायमचं घरी जायचं ठरलं. व्हिसा कॅन्सल करायचे कागद तयार झाले. गिटारला त्याने नवं कव्हर शिवून घेतलं.

आणि जानेवारीच्या सुरुवातीला माझ्या वडलांना अर्धांगाचा झटका आला.

गावाहून फोन आला त्या सकाळी मी स्टोअरमध्ये कुणाच्याच तोंडाकडे बघितलं नाही. कुणाला विचारणार? ज्याच्या त्याच्या सहीला मी आठ वर्षं पाठ दाखवली होती. लोक कामात बुडालेले मला डोळ्यांनी दिसत होते. पास्कल मॅथ्यूसाहेबांच्या केबिनमधून बाहेर आला आणि त्याने फॉर्म माझ्यापुढे ठेवला. सही झालेली होती.

"वेडा आहेस काय?" मी म्हणालो. "तू जातोयस पुढच्या महिन्यात!"

"जाणारच आहे. तू आलास की."

"आणि नाही आलो तर?"

त्याने बोटाने परतीची तारीख दाखवली. तीस जानेवारी. "यल्ला, निघ," म्हणाला, "संध्याकाळचं विमान आहे."

वडील मी पोचल्यावर तिसऱ्या दिवशी गेले. तेराव्यापर्यंत घर भरलेलं होतं, मग एकदम रिकामं झालं. आई ओटीवर बसून नुसती बघायची. तीन वर्षांचा माझा मुलगा मला "ते" म्हणायचा. ते जेवले का, ते कधी जाणार. मेहुण्याने लोट्याच्या एमआयडीसीत नोकरीचं बोलून ठेवलं होतं. बायकोने माझी बॅग भरली नाही, ती मलाच भरावी लागली. एकोणतीसला दुपारी मी एसटीत बसलो. तीसला सकाळचं विमान. चिपळूणला गाडी थांबली आणि मी चहाला म्हणून उतरलो, तो परत चढलोच नाही. गाडी माझ्या डोळ्यांदेखत गेली. पासपोर्ट माझ्या खिशात होता. मी मोकळा होतो. मावसभावाकडे जाऊन झोपलो आणि लाज वाटते सांगायला, मला छान झोप लागली.

तीस तारखेला सकाळी घरी परत जायला म्हणून मी चिपळूणच्या स्टँडवर आलो. गुहागरची गाडी लागलेली होती. पायरीवर पाय ठेवला आणि अकराचा भोंगा झाला. स्टँडवरची माणसं जागच्या जागी उभी राहिली. कंडक्टर तिकिटांचा डबा छातीशी धरून उभा. मीही उभा राहिलो, एक पाय पायरीवर, एक खाली. आणि मला गच्चीवर खांबासारखा उभा असलेला पास्कल दिसला. त्याच्या मागे पुसून ठेवलेला पत्र्याचा डबा. ती दोन मिनिटं मी कशी काढली माझं मला ठाऊक. भोंगा संपताच मी समोरच्या एसटीडी बूथमध्ये शिरलो.

"पास्कल, मी कदम. चिपळूणला आहे."

पलीकडे नुसता रिसीव्हरवर बोटांचा ठेका.

"विमान चुकलं. चुकलं म्हणजे... मीच चुकवलं. उद्याच्या सकाळचं मिळतं का बघतो. पण तारीख तर आजची आहे. साहेब तुझा पासपोर्ट..."

"आज किती तारीख?"

"तीस."

"मग उद्या पण तीस. तारखेचं मी बघतो. तू ये."

दुसऱ्या दिवशी दुपारी टॅक्सी अल क्वोजमध्ये वळली तेव्हा साडेबाराला पाच कमी होते. खानचाचांनी माझी बॅग जवळजवळ हिसकावून घेतली. "जल्दी जाओ, जल्दी! कल बजाया नहीं. बोला, आज तीस नहीं है, कल है. मैं समझा दिमाग गया इसका."

मी वर धावलो. वारा तसाच भणभणत होता. पास्कल गिटार गळ्यात घालून कठड्याशी उभा होता. मला बघून त्याने नुसती हनुवटी त्या उलट्या बादलीकडे केली. मी बसलो. दोन मिनिटं आम्ही दोघे गप्प राहिलो. माझे वडील गेल्यानंतर इतकं गप्प मी राहिलोच नव्हतो, आणि तिथं गच्चीवर, बादलीवर बसल्या बसल्या मला रडू फुटलं. पास्कलने ते चालू दिलं आणि वाजवायला लागला. मला त्या चौघांची गाणी येत नव्हती. मी आपला नमनातला ठेका धरला, काठ्या टाकून हातांनीच. पत्रा हाताला लागत होता. पास्कलने एकदा मान वाकडी करून ऐकलं आणि आपली चाल माझ्या ठेक्यावर आणली. कसलं तरी कडबोळं झालं असेल ते. ऐकणारी पब्लिक खाली फोर्कलिफ्टवर थांबली होती एवढं खरं.

"बंद करो!" खानचाचा ओरडले. "पब्लिक को तकलीफ होता है!" त्यांचा आवाज चिरकला.

खाली आलो तर पास्कलने माझा रुजू झाल्याचा कागद घेतला आणि त्यावर शिक्का मारला. तीस जानेवारी दोन हजार दोन. मागे भिंतीवरचं कॅलेंडर एकतीस दाखवत होतं. मॅथ्यूसाहेबांनी कागद हातात घेतला, कॅलेंडरकडे बघितलं, मग काउंटरवर पडलेल्या दिवसभराच्या गड्डीकडे. प्रत्येक कागदावर तीसच होती. माझा एकटा कागद वेगळा दिसू नये म्हणून त्याने सकाळपासून सगळा माल कालच्या तारखेने सोडला होता.

"पास्कल," साहेब सावकाश म्हणाले, "व्हॉट इज द डेट टुडे?"

"थर्टीएथ, सर."

"शुअर?"

"फॉर धिस स्टोअर, येस सर."

साहेबांनी माझ्याकडे बघितलं. माझे डोळे लाल, हात पत्र्याने सोललेले. त्यांनी खिशातलं पेन काढलं आणि सही केली. जाता जाता दारातून म्हणाले, "उम्म अल कुवैन का ट्रक वापस आएगा. वॉर्निंग लेटर तुमको मिलेगा." ट्रक संध्याकाळी आला. लेटर दुसऱ्या दिवशी आलं. पास्कलने त्याची घडी करून खिशात बावतीसच्या पत्राशेजारी ठेवली. मी त्याचे आभार मानायला गेलो तर म्हणाला, "तुझी डाव्या हाताची थाप लेट पडते."

वीस फेब्रुवारीला तो गेला. पासपोर्ट मिळाल्यावर त्याने तो उघडून स्वतःचा फोटो बघितला आणि मला दाखवला, "हा कोण रे बारका?" स्टोअरची किल्ली माझ्या हातात दिली. शिक्क्याची चाकं माझ्यासमोर फिरवून एकवीस लावली. म्हणाला, उद्या सकाळी तू विसरशील.

पिकअप गेटपाशी पोचली तेव्हा खानचाचा मधोमध उभे होते, छाती काढून, हात उंचावून. ड्रायव्हरने ब्रेक मारला. पास्कलने खिडकीतून दोन्ही हात बाहेर काढून वर केले. "ओके, ऑफिसर." आम्ही हसलो. पण खानचाचांचा हात खाली येईना. ते गाडीजवळ गेले, खिडकीवर वाकले आणि म्हणाले, "घर जाके बंद मत करना, पास्कल भाई."

गाडी हलली. त्याचा एक हात खिडकीबाहेर राहिला होता, दाराच्या पत्र्यावर टेकलेला. मी सवयीने त्याच्या बोटांकडे बघत होतो. रस्ता वळेपर्यंत ती एकदाही हलली नाहीत.